वैशाखातली गळती

राजूरच्या कोळशाच्या खाणीवर मॅनेजरसाहेबांचा बंगला होता. त्या बंगल्याचा खानसामा खेमसिंग रोज सकाळी आंघोळ आटोपली की जेवणघराच्या कोनाड्यातल्या एका लाकडी पेटीला हात जोडायचा आणि मगच चुलीकडे वळायचा. नवा माणूस ते बघून विचारायचा, पेटीत कोणता देव आहे? पेटीत देव नव्हता. पेटीत बावीस सिगार होते.

पेटी विलायती देवदाराची, हातभर लांब. झाकणाच्या आतल्या अंगाला घड्याळासारखा पितळी काटा होता. घड्याळाचा काटा वेळ दाखवतो, तसा हा हवेतली ओल दाखवी. एका कोपऱ्यात भोकांची पितळी डबी आणि डबीत स्पंज. त्या स्पंजाला पाणी पाजायचं, काट्यावर नजर ठेवायची, एवढंच काम. पण ते काम सोपं नव्हे. काटा सत्तरावर हवा. खेमसिंगला आकडे वाचता येत नसत म्हणून साहेबांनी सत्तरापाशी लाल शाईचा ठिपका काढून दिला होता. "काटा ठिपक्याच्या खाली गेला तर तंबाखूचं पान कडक होतं आणि फुटतं, खेमसिंग. वर गेला तर बुरशी धरते. दोन्हीकडून मरणच."

पाणीसुद्धा विहिरीचं चालत नसे. खाणीत उतरणाऱ्या मजुरांच्या डोक्यावरच्या दिव्यांना बॅटऱ्या असत. त्या बॅटऱ्यांत घालायचं, वाफ धरून केलेलं शुद्ध पाणी दिव्यांच्या खोलीत मिळे. तिथले कारकून बबनराव दर आठवड्याला खेमसिंगची बाटली भरून देत आणि भरताना एक टोमणाही देत.

"काय खेमसिंगभाऊ, तुमच्या बारशाच्या लेकरांले पाजलं का पानी?"

"पाजलं बाप्पा, पाजलं."

"माह्या घरचे पोट्टे विहिरीचं पिऊन राह्यले, अन तुमचे हे लाटसाहेब!"

खेमसिंग हसून बाटली उचली. मनात मात्र त्यालाही या कामाची गंमत वाटे. तो गोर बंजारा. त्याच्या आज्या-पणज्यांची बैलांवरून लदेणी चाले. पाठीवर मिठाच्या गोण्या घालून शंभर-शंभर बैल मुलूख ओलांडून जात. मिठाचा धंदा म्हणजे ओलीशी वैर. आजोबा सांगत, भर पावसात अंगावरचं कांबळं गोणीवर टाकून आपण उघडे भिजलो, पण धन्याच्या मालाला पाणी लागू दिलं नाही. त्यांचा हा नातू आता धन्याच्या मालाला ओल धरून ठेवायचं काम करत होता. पण माल कोरडा ठेवा नाहीतर ओला, धन्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू तशीच्या तशी परत करायची, हा त्या घराण्याचा धर्म एकच होता.

आणि ही वस्तू तशी साधी नव्हती. साहेबांचं नाव किसनराव. बायको लवकर गेली, पाठीमागे एकच मुलगा, भालचंद्र. त्याला बोटींचं वेड. जहाजावर इंजिनिअर म्हणून लागला, मुलूखभर हिंडला आणि अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत कुठल्याशा बंदरातून बापासाठी ही पेटी मुंबईच्या एका मित्राच्या हाती धाडली. आत पंचवीस सिगार होते. साहेबांनी हौसेने तीन ओढले. चौथा काढायच्या आतच कंपनीचं पत्र आलं. भालचंद्र परदेशी एका बंदराबाहेर तापाने गेला होता आणि जहाजाच्या रीतीप्रमाणे त्याचा देह समुद्राला दिला होता. कपड्यांची ट्रंकही वाटेत कुठे गहाळ झाली. त्याच्या हातची म्हणून घरात उरली ती ही पेटी.

त्या दिवसापासून साहेबांनी सिगार ओढला नाही. दर रविवारी सकाळी ते पेटी पुढ्यात घेत, झाकण उघडत, डोळे मिटून वास घेत आणि पुन्हा लावून टाकत. तीन वर्षांत एक रविवार चुकला नाही. खेमसिंग दारापाशी उभा राही. तो मृदंगाचा आणि टाळाचा माणूस, तंबाखूला कधी शिवला नव्हता. पण रविवारी झाकण उघडलं की दारापर्यंत येणारा तो गोडसर, जुन्या लाकडासारखा वास त्यालाही ओळखीचा झाला होता.

बासष्टच्या उन्हाळ्यात साहेबांचा घसा बसला तो उठेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ आहे, कापावी लागेल म्हणून सांगितलं. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसता बसता साहेबांनी पेटीची किल्ली खेमसिंगच्या हातात दिली. आवाज अगदी घोगरा झाला होता.

"तीन आठवडे लागतील. पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस."

"नाई देत साहेब."

"हे उन्हाळ्याचे दिवस. हिला सांभाळ म्हणजे मी परत येईन तेव्हा घरात माझं कुणी तरी असेल."

जीप गेली. खेमसिंगने किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली.

पहिले चार दिवस त्याने पेटीला डोळ्यांत तेल घालून जपलं. वाळ्याच्या ताटीवर तो तासातासाला पाणी मारी. त्या वैशाखात राजूरला सकाळी नऊलाच कोळशाच्या ढिगांवरून झळा उठत. कपभर पाणी ओसरीवर ठेवलं तर संध्याकाळी कपच उरे. काटा दिवसातून दोनदा ठिपक्याखाली घसरायचा आणि खेमसिंग दोनदा त्याला वर आणायचा.

घरात तो एकटाच होता. बायको हंसाबाई पांढरकवड्याकडे आपल्या माहेरच्या तांड्यावर गेली होती. वैशाखात तिकडे तेंदूची पानं तोडायचा हंगाम असतो आणि हंसाबाई त्यात मुरलेली. तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, वाळवायची, पोत्यात भरण्याआधी पाणी शिंपडून नरम करायची, या साऱ्यात तिच्या हाताला तोड नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच आर्णीहून निरोप आला. नवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्ताह, आणि सातही दिवस घनश्यामबुवांचं कीर्तन!

खेमसिंगची ही एकच कच्ची बाजू होती. दारू नाही, विडी नाही, पत्ते नाहीत. पण कीर्तन म्हटलं की त्याचे पाय जागेवर राहत नसत. त्यातून घनश्यामबुवा. बुवा उभे राहिले, वीणेकऱ्याने सूर दिला आणि पहिला अभंग त्यांच्या गळ्यातून उतरला की बसलेल्या माणसाला आपण कुठून आलो आणि घरी काय जेवलो हेही आठवू नये. मागल्या साली खेमसिंगने एकच दिवस ऐकलं होतं आणि वर्षभर त्या दिवसावर काढलं होतं. सातही दिवस! असं भाग्य पुन्हा कधी येणार? साहेब असते तर त्यांनी हसत रजा दिली असती. पण साहेब इस्पितळात आणि पेटी करदोट्याला.

सप्तमीला संध्याकाळी तो राजूरच्या महादेवाला गेला. वैशाख होता, म्हणून पिंडीवर गळती बांधलेली. तांब्याचा गडू तिपाईला टांगलेला, त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी, आणि काडीवरून थेंब, थेंब, थेंब. खेमसिंग पिंडीसमोर बसला आणि त्या थेंबांकडे बघत राहिला. पुजारी रात्री घरी जाऊन झोपतो. दुपारी जेवतो, लवंडतो. देवाच्या अंगावरची ओल मात्र क्षणभर मोडत नाही. वैशाखात पाणी देण्यासारखं पुण्य नाही. मनुष्याला द्या, गुराला द्या, झाडाला द्या, देवाला द्या. पाणी दिल्याने वैशाखात कुणाचं वाईट झालंय?

तो घरी आला तो पितळी गडू शोधतच. बुडाला खिळ्याने भोक पाडलं, त्यात कापसाची वात सारली आणि बॅटरीचं पाणी भरून गडू पेटीवर असा टांगला की थेंब नेमका स्पंजाच्या डबीवर पडावा. पेटीचं झाकण दोन बोटं उघडं ठेवून त्यावर ओलं फडकं टाकलं. एक थेंब पडल्यावर दुसरा पडेपर्यंत सावकाश एक ओवी म्हणून होई. अष्टमीला दिवसभर त्याने समोर बसून बघितलं. दुपारच्या ऐन झळीतसुद्धा काटा लाल ठिपक्यावर खिळल्यासारखा राहिला. एवढा नेमका तर तो खेमसिंगच्या हातूनही राहत नसे.

"देवाची युक्ती हाय बाप्पा, मानसाची नाई," तो स्वतःशीच म्हणाला. गडू काठोकाठ भरला, फाटकावरच्या चौकीदाराला बंगल्याकडे बघायला सांगितलं आणि संध्याकाळच्या एस.टी.ने निघाला.

आर्णीचे ते दिवस कसे गेले ते सांगायला खेमसिंगकडे पुढेही शब्द नव्हते. मांडवात तो पहिल्या ओळीत, मृदंगाच्या शेजारी. मृदंगावर त्याच्याच तांड्याचा म्हातारा धावजी. बुवा पूर्वरंगात एक एक शब्द उकलत जायचे आणि उत्तररंगात त्या उकललेल्या शब्दांना असं गुंफायचे की मांडवातल्या बाया पदराने डोळे पुसायच्या. खेमसिंग तर लहान लेकरासारखा रडायचा. चार दिवस त्याला पेटीची आठवण झाली ती एवढीच, की तिकडे थेंब पडून राह्यला असन, आणि बरं वाटून तो पुन्हा टाळ उचली.

पाचव्या दिवशी कीर्तनाच्या आधी धावजी मृदंगाला कणीक लावत होता. मृदंगाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. त्याने थाप मारली. आवाज आला तो ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

"धत् तुझ्या! कनिक जास्त भिजली." धावजी नखाने कणीक खरवडू लागला. "पानी जास्त झालं की आवाज मरते, खेमा."

"येवढं कसं काय वतलं मंग?"

"वतलं कोन? थेंब थेंबच टाकत होतो. अबे, एकदम वतलं तर मानसाच्या ध्यानात येते. थेंबाथेंबानं जास्त झालेलं ध्यानातच येत नाई."

खेमसिंगच्या हातातले टाळ तसेच राहिले. दिवसा झळ लागते तेव्हा तो थेंब उडून जातो. पण रात्री? रात्री हवा पडते, पहाटे तर वाळ्याच्या ताटीआड गारवा असतो. तेव्हाचा थेंब कुठे जातो? महादेवाच्या पिंडीला पन्हळ असते. पाणी वाहून जातं. पेटीला पन्हळ कुठे आहे?

तो उठला.

"कुठं चालला बे? बुवा उभे राहून राह्यले."

"घरी."

"अन काल्याचं कीर्तन? पौर्निमेले काला हाय! काल्याले कोनी सोडून जाते का? येडा झाला का तू?"

सप्ताहातलं सारं चुकलं तरी चालेल, काल्याचं कीर्तन चुकू नये, हे खेमसिंगनेच दहा जणांना सांगितलं असेल. पण तो मांडवाबाहेर पडला तेव्हा मागे पहिला अभंग सुरू झालेला होता आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

यवतमाळहून वणी, वणीहून कोळशाच्या रिकाम्या ट्रकमध्ये उभ्याने राजूर. चतुर्दशीच्या दुपारी त्याने जेवणघराचं दार लोटलं. गडू रिकामा होता. ओलं फडकं कुबट झालेलं. त्याने झाकण उचललं आणि जागच्या जागी खाली बसला.

पेटीच्या बुडाशी बोटभर पाणी साचलेलं. काटा ठिपका ओलांडून पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला होता. खालच्या ओळीतले सिगार फुगून फाटले होते, आणि बोंडातून कापूस डोकावावा तशी त्यांच्यावर पांढरी बुरशी आली होती. तो गोडसर वास पार गेला होता. उघडल्या उघडल्या नाकात शिरली ती पडीक विहिरीसारखी घाण.

खेमसिंगने हंबरडा फोडला नाही. भिंतीला टेकून तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी हंसाबाई पानांचा हंगाम आटोपून आली. बोटं तेंदूच्या चिकाने काळी झालेली. नवऱ्याचा चेहरा बघून तिला वाटलं, नागपूरहून वाईट बातमी आली. मग तिने पेटी पाहिली, गडू पाहिला, वात पाहिली. दोघं घरात गोरबोलीत बोलत, आणि गोरबोलीत हंसाबाईची जीभ अधिकच धारदार चाले. तिच्या बोलण्याचा अर्थ असा होता:

"देवाले गळती लावतात. पानाले कोनी लावते काय? देव दगडाचा हाय म्हनून टिकला!"

"मले वाटलं, वैशाखात पानी..."

"पान काई तहानेलं नसते वो. पानाले हवेतली ओल पायजे, पिवाचं पानी नाई. तेंदूच्या फळीवर पुडकी बांधनारी चार वर्षांची पोरगी बी सांगन. मले काहून नाई बोलावलं? मी का परकी होती?"

"दुसऱ्याच्या हाती देऊ नको म्हनलं होतं साहेबानं."

हंसाबाईने पेटी पुढ्यात ओढली. पदर खोचून ती कामाला लागली. फडक्यावर एकेक सिगार मांडला. प्रत्येक उचलून कानापाशी नेई, बोटांत हलके दाबी आणि ऐके. तेंदूची पानंही ती अशीच ऐकून निवडायची. फार सुकलेलं पान करकरतं, मेलेलं पान काहीच बोलत नाही, आणि चांगलं पान हलकंसं कुरकुरून दबतं. वरच्या ओळीतले नऊ तिने बाजूला काढले. बुरशी कोरड्या कापडाने टिपून काढली. नव्या मडक्यात सुकी तेंदूपानं अंथरून, त्यांत ते नऊ गुंडाळून मडकं सावलीत ठेवलं. रोज दोन वेळा पानं बदलायची. घाईने उन्हात ठेवले तर तडकतील, असं ती म्हणाली.

"अन हे तेरा?"

हंसाबाईने मान हलवली. "हे गेले."

ते तेरा खेमसिंगने धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवले. केराच्या टोपलीकडे त्याचा हातच गेला नाही.

साहेब यायला दहा दिवस उरले होते. बबनरावांना हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ते आले, पेटी पाहिली, च् च् केलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "वणीले त्या पानवाल्याकडे दिंडीगलचे चिरूट भेटतात. लांबीले येवढेच. यायच्यावरच्या सोनेरी कागदाच्या आंगठ्या त्यायले चढवा. झालं काम."

"साहेबाले वळखू नाई येणार?"

"साहेबाच्या गळ्यात भोक पाडून नळी टाकली म्हनते डाक्टरनं. श्वास तठून जाते. नाकात हवाच नाई तर वास कुठून येईन? अन वढून तर ते पाहातच नाई. बिमार मानूस हाय खेमसिंगभाऊ. खरं सांगून त्याचा जीव घ्याचा हाय का?"

हे शेवटचं वाक्य खेमसिंगच्या मनात रुतलं. दोन दिवस त्याने ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी बबनरावांनीच तेरा चिरूट आणून दिले. खेमसिंग चुलीपाशी बसला, फाटलेल्या सिगारांवरच्या सोनेरी आंगठ्या नखाने अलगद सोडवल्या आणि एकेक करून चढवल्या. पेटी तोवर सुकली होती. मडक्यातले नऊ वर, हे तेरा खाली. काटा पुन्हा ठिपक्यावर आला. कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, पेटीला काही झालंच नाही.

हंसाबाई पीठ मळता मळता बघत होती.

"दिसते तर तसंच," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काई नाई. आर्नीच्या कीर्तनातून तुमी काय घेऊन आले, ते पाहून राह्यली."

खेमसिंगने पेटी कोनाड्यात ठेवली. त्या रात्री तो जेवला नाही.

साहेब आले ते निम्मे होऊन. गळ्याला पांढरा पट्टा, पट्ट्यात चांदीची नळी. बोलायचं तर नळीच्या तोंडावर बोट धरावं लागे, मग आवाज येई तो वाळल्या पानांतून वारा जावा तसा. त्यांनी अंगण ओलांडलं, आरामखुर्चीत टेकले आणि पहिल्यांदा हाताने खूण केली ती पेटीची.

खेमसिंगने पेटी आणून तिपाईवर ठेवली. साहेबांनी झाकण उघडलं, काट्याकडे पाहिलं. समाधानाने मान डोलावली. मग सवयीने डोळे मिटून वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरलेले होते. त्यांनी नळीवर बोट धरलं.

"वास येत नाही रे मला. आता कधीच येणार नाही म्हणतात." त्यांनी खेमसिंगकडे पाहिलं. "पण आहे ना? सगळं आहे ना तसंच?"

खेमसिंगला एक शब्द बोलायचा होता. हो. एवढ्या एका शब्दाने आजारी माणूस सुखाने निजला असता. बबनराव दारात उभे होते, तेही डोळ्यांनी सांगत होते, म्हण. खेमसिंगचे ओठ उघडले. पण साहेब त्याला विचारत होते ते अशा विश्वासाने, की आपल्याला नाक उरलं नाही म्हणून ते आता खेमसिंगच्या नाकाने वास घेणार होते. ज्याने स्वतःचं नाक आपल्या हाती दिलं, त्याला खोटा वास कसा सांगायचा?

तो खाली बसला आणि त्याने साहेबांचे पाय धरले.

"साहेब, गलती झाली."

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. "गळती? कशाची गळती?"

"गलती साहेब..." आणि मग तो रडतच म्हणाला, "व्हय साहेब. गळतीच. गळतीच झाली."

मग त्याने सगळं सांगितलं. आर्णी, बुवा, महादेवाची पिंडी, गडू, वात, धावजीचा मृदंग. शेवटी खालची ओळ उचलून चिरूट तिपाईवर मांडले आणि म्हणाला, "हे तेरा खोटे हायेत. आंगठ्या मी चढवल्या. माह्या हातानं." बबनरावांचं नाव त्याने घेतलं नाही. ते कधी निघून गेले ते कळलंही नाही.

साहेब उठले. आत गेले आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस साहेब खेमसिंगशी एक शब्द बोलले नाहीत. पेज नेली की घेत, रिकामं भांडं दाराबाहेर ठेवत. खेमसिंगने आपली बोचकी बांधून ठेवली होती. हकालपट्टी झाली तर तांड्यावर जाऊ, असं त्याने हंसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "साहेब सांगतीन तवा जाऊ. आपल्या मनानं नाई. आपल्या मनानं एकदा जाऊन पायलं ना?"

तिसऱ्या दिवशी पहाटे साहेबांनी टाळी वाजवली. खेमसिंग धावत गेला.

"ते तेरा कुठे आहेत? फेकलेस?"

"नाई साहेब. फडक्यात हायेत."

"आण."

साहेबांनी फडकं मांडीवर घेतलं, उघडलं. फाटलेल्या, काळ्या पडलेल्या पानांवरून हात फिरवत राहिले. फार वेळाने नळीवर बोट गेलं.

"वणीचे गुरुजी तीन वर्षं माझ्या मागे लागलेत. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. पालाशविधी. मी त्यांना हाकलून दिलं होतं. म्हटलं, माझा मुलगा म्हणजे काय पानं आहेत?" त्यांनी श्वास घेतला. "वाटायचं, ही पेटी आहे तोवर तो गेलेला नाही. आजवर ओल देऊन धरून ठेवलं मी त्याला."

खेमसिंग खाली मान घालून उभा होता.

"तुझ्यावर रागावलो होतो. अजूनही आहे. पण हे हातात घेतल्यावर कळलं की तो गेलेला आहे. जा. गुरुजींना सांगून ये."

चौथ्या दिवशी वर्धा नदीच्या काठी गुरुजींनी दर्भावर पळसाची तीनशे साठ पानं देठांसकट मांडली. डोक्याच्या जागी नारळ. हात, पाय, पोट, एकेका अवयवाला मंत्र म्हणत पानं ठेवली जात होती. वैशाखातला कोवळा, लाल झाक असलेला पळस. छातीच्या जागी साहेबांनी आपल्या हाताने ते तेरा सिगार ठेवले. गुरुजी चपापले. तंबाखू, पवित्र विधीत? पण साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मंत्र पुढे चालवला. हंसाबाई जरा दूर पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

साहेबांनी अग्नी दिला. पानं तडतडली, धूर नदीवर पसरला. साहेब खेमसिंगकडे वळले.

"वास येतोय?"

"येऊन राह्यला साहेब."

"कसा?"

खेमसिंगने खरं तेच सांगितलं. "आदी बुरशीचा आला. मंग वल्ल्या पानाचा. आता चांगला येऊन राह्यला."

साहेबांनी मान डोलावली आणि ज्वाळा बसेपर्यंत तिथून हलले नाहीत.

राख पाण्यात सोडून झाली. गुरुजींनी म्हटलं, "आता स्नान. तीन बुड्या." आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गळ्याच्या नळीत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. गुरुजी घुटमळले. "कर्त्याला शक्य नसेल तर... घरातल्या दुसऱ्या कुणी केलं तरी चालतं. पण तुमच्या घरात..."

साहेबांनी नळीवर बोट धरलं. आवाज इतका बारीक होता की नदीच्या धारेआड तो जेमतेम ऐकू आला.

"हा आहे ना."

खेमसिंगला वाटलं, आपल्या मागे कुणी उभं आहे. त्याने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. साहेब त्याच्याकडेच बघत होते.

त्याने अंगरखा काढून वाळूवर ठेवला. उन्हाळ्याने नदीची धार बारीक झाली होती, कमरेइतकं पाणी मिळायला बरंच आत जावं लागलं. तिथे पोचल्यावर त्याने काठाकडे पाहिलं. गुरुजींनी गोत्र सांगितलं, साहेबांचं. मुलाचं नाव सांगितलं, भालचंद्र. खेमसिंगने दोन्ही मोठ्याने उच्चारली, नाक धरलं आणि पाण्याखाली गेला.